पावसाळ्यात प्लाझ्माचं नोझल दिवसात जातंय? दुकानदाराशी भांडायच्या आधी जुना इलेक्ट्रोड बघ

काका म्हणून विचारलंयस तर काकासारखंच सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बस. तुझं म्हणणं असं की कराडजवळ शेड आहे, ६० अँपचं एअर प्लाझ्मा मशिन, म्हणजे हवा आणि विजेच्या झोतानं प्लेट कापणारं, त्याची हातात धरायची पी-८० टॉर्च, ऊसाच्या ट्रॉल्यांचं काम, ५ ते १० एमएम प्लेट. एप्रिलमध्ये एक नोझल आठवडाभर जायचं, आता एका दिवसात दोन लागतात, इलेक्ट्रोडचंही तेच. दुकानदार म्हणतो डुप्लिकेट माल आहे, ओरिजिनल घे. आणि तुझा प्रश्न असा की ओरिजिनल घेऊ का, आणि मुळात पार्ट बदलायचा कधी हे कसं ओळखायचं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एप्रिलमध्येही तू त्याच दुकानातून तोच माल घेत होतास ना? मग माल बदलला नाही, हवा बदलली. मी कुपवाड एमआयडीसीत वीस-बावीस वर्षं हेच करतोय आणि आपल्याकडची गंमत अशी की ट्रॉलीचं काम येतं ते नेमकं पावसाळ्यात. कारखान्याचे बॉयलर दिवाळीच्या आगंमागं पेटणार, म्हणजे ट्रॉल्या त्याच्या आधी तयार पाहिजेत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात रात्रंदिवस कटिंग. वर्षातलं सगळ्यात जास्त कटिंग आणि वर्षातली सगळ्यात ओली हवा, दोन्ही एकाच वेळी. नोझल मरणार नाही तर काय होणार.

आकडा मांडून दाखवतो, मग पटेल. तुझी टॉर्च मिनिटाला साधारण २०० लिटर हवा खाते, म्हणजे तासभर आर्क, म्हणजे कापणारा तो विजेचा झोत, चालली तर १२ घनमीटर. आता बाहेर २७ डिग्री आणि ८० टक्के दमटपणा धर, म्हणजे एका घनमीटर हवेत २० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. बारा गुणिले वीस, २४० ग्रॅम पाणी तुझ्या कॉम्प्रेसरनं तासाभरात आत ओढलं. ही हवा ७ बारला दाबून परत गार झाली की तिच्यात जेमतेम ४० ग्रॅम वाफ राहू शकते, उरलेलं २०० ग्रॅम पाणी होऊन टाकीत, पाईपमध्ये नाहीतर टॉर्चमध्ये येणारच, चौथी जागाच नाय. हाच हिशोब एप्रिलचा कर, ३८ डिग्री आणि २५ टक्के दमटपणा, तर सुटं होणारं पाणी ७० ग्रॅमच्या घरात येतं. म्हणजे आता जवळपास तिप्पट पाणी येतंय आणि तुझा फिल्टर तोच, टाकी रिकामी करायची सवयही तीच, म्हणजे बहुतेक नसलेलीच.

आता टॉर्चच्या आत काय होतं ते थोडक्यात समजून घे, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. इलेक्ट्रोड म्हणजे तांब्याचा तुकडा, त्याच्या टोकात मध्यभागी चांदीसारखा एक ठिपका दिसतो, तो हाफनियम धातूचा. आर्क त्या ठिपक्यातनंच निघते. तांबं १०८५ डिग्रीला वितळतं, हाफनियम २२०० च्या वर, आणि हवेतल्या ऑक्सिजनमध्ये तापल्यावर त्यावर जो ऑक्साइडचा थर येतो तो आणखी तग धरतो, म्हणून हवेच्या प्लाझ्माला हाफनियम. गॅस वेगळा असेल, आर्गॉन-हायड्रोजन वगैरे, तर तिथं टंगस्टन चालतो, पण हवेत टंगस्टन जळून जातो. नोझल म्हणजे पुढची तांब्याची टोपी, तिच्या एवढ्याशा भोकातनं आर्क आवळून बाहेर काढायची. भोकाच्या आतली आर्क वीस हजार डिग्रीच्या आसपास असते आणि तांबं वितळत नाही ते एकाच कारणानं, मधे गार हवेचा एक फिरता थर असतो. ती हवा फिरवायचं काम आतल्या स्वर्ल रिंगचं, म्हणजे ती तिरक्या भोकांची बांगडी. थोडक्यात तुझं नोझल हवेनं जिवंत आहे. त्या हवेत पाण्याचा थेंब आला की थर फाटतो, आर्क थरथरते, आतल्या आत नोझलला टेकते, आणि एकदा का टेकली की भोकाला खाच पडलीच.

म्हणून आजपासून एक कर, जुना इलेक्ट्रोड आणि नोझल भंगारच्या डब्यात टाकू नको. एक प्लास्टिकची बरणी घे, त्यात जोडीजोडीनं ठेव, तारीख लिही. आणि टाकायच्या आधी उजेडात धरून वाच. मी पोरांना हेच सांगतो, डॉक्टर जीभ बघतो तसा इलेक्ट्रोड बघा.

ठिपक्याच्या जागी खड्डा पडलेला असतो. खड्डा गोल आहे, मध्यभागी आहे, कडा गुळगुळीत आहेत, तर इलेक्ट्रोड म्हातारा होऊन मेला, त्याची काय तक्रार नाय. खड्डा एका बाजूला सरकलाय तर हवा सगळीकडनं सारखी येत नाही, स्वर्ल रिंगची भोकं बघ. इलेक्ट्रोडची बाजू, म्हणजे ठिपका सोडून बाकीचं तांबं, निळं-काळं पडलंय तर तो तापलाय, हवा कमी पडतीय नाहीतर इलेक्ट्रोड सैल बसलाय. नोझलच्या आत बोट फिरवून काळा चिकट थर लागला तर ते तेल, कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात. चिकट नाही पण आतून खरखरीत, आर्कचे ओरखडे ओरखडे, भोकाची आतली कड कुरतडल्यासारखी, तर बहुतेक पाणी. आणि नोझल आतून चकचकीत पण बाहेरनं भोक फुटलंय, बाहेर वितळलेल्या लोखंडाचा रस चिकटलाय, तर हवेचा दोष नाही, तुझ्या हाताचा आहे, त्यावर पुढं येतो. आतनं खराब की बाहेरनं खराब, एवढं एक बघायची सवय लागली तरी निम्मं निदान झालं.

खड्डा मोजायचा कसा, तर व्हर्नियरची शेपटी बऱ्याचदा आत जात नाही. मी टाचणी वापरतो. टाचणीचं डोक्याकडचं टोक नको, अणकुचीदार टोक खड्ड्याच्या तळाला टेकवायचं, इलेक्ट्रोडच्या कडेला लागून टाचणीवर अंगठ्याचं नख दाबून धरायचं, नख न हलवता टाचणी बाहेर काढायची आणि टोकापासून नखापर्यंत व्हर्नियरनं मोजायचं. १.६ एमएम भरलं की इलेक्ट्रोड संपला, मग तो चालत असला तरी. हा आकडा माझा नाही, चांगल्या कंपन्यांच्या हवेच्या टॉर्चच्या पुस्तकात हाच असतो. त्याच्या पुढं काय होतं, तर हाफनियम खाली गेल्यावर आर्क तांब्याच्या कडेला पकडते, आर्कमध्ये हिरवी झाक दिसायला लागते, ते तांबं जळतंय, आणि मग एका झटक्यात इलेक्ट्रोड, नोझल आणि नशीब फुटकं असेल तर टॉर्चचं डोकंही जातं. माझ्याकडं एका पोरानं 'अजून चालतंय की' म्हणून २ एमएमच्या पुढं गेलेला इलेक्ट्रोड चालवला. इलेक्ट्रोड वाचवला त्यानं, आणि टॉर्चचं हेड नवं घ्यायला लागलं. तो पोरगा आता स्वतःच्या शेडचा मालक आहे आणि खिशात टाचणी ठेवतो.

आता हवेचं काम. उद्या सकाळी शेड उघडल्या उघडल्या कॉम्प्रेसर चालू करायच्या आधी टाकीखाली एक रिकामी बाटली धर आणि ड्रेन कॉक हळू उघड. टाकीत प्रेशर असेल तर एकदम उघडू नको, तोंडावर येईल. आत्ता पावसाळ्यात जे निघेल ते बघून तूच मला फोन करशील, ताकासारखं पांढरट नाहीतर गंजाचं तांबडं पाणी येतं. हे रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत, दोनदा, विसरायचं नाही. नुसतं एवढं केल्यावर फरक पडलेली माणसं बघितलीत मी, कारण टाकी निम्मी पाण्यानं भरलेली असते आणि मालक नोझलवाल्याला शिव्या घालत असतो.

पण टाकी रिकामी करून सगळं भागत नाही आणि इथंच लोक चुकतात. कॉम्प्रेसरमधनं हवा बाहेर पडते तेव्हा गरम असते, त्या गरम हवेतलं पाणी अजून वाफच असतं. फिल्टर तिथंच कॉम्प्रेसरच्या तोंडाला लावलास तर वाफ त्यातनं आरामात निघून जाते आणि पुढं तीस-चाळीस फूट नळीत गार झाल्यावर पाणी होते, फिल्टरच्या पलीकडं. म्हणून फिल्टर मशिनजवळ, हवा गार झाल्यावर. मधे जीआय पाईप टाक, त्याला थोडा उतार दे, आणि मशिनसाठी हवा काढायची ती पाईपच्या वरच्या अंगानं टी लावून, खालच्या अंगानं नाही. खालच्या टोकाला एक उभा तुकडा सोडून त्याला कॉक लाव, पाणी तिथं साचेल. मी हे सगळं एका रविवारी केलं होतं, भंगारातले पाईप वापरून, खर्च म्हणशील तर दोन कॉक आणि टेफलॉन टेप. त्याच्यापुढं जायचं असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर, तो हवा ३ डिग्रीच्या आसपास गार करून पाणी काढून टाकतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग टेबल चालवणाऱ्याला तो घ्यायलाच लागतो असं माझं स्पष्ट मत आहे, हातानं कटिंग करणाऱ्यानं आधी पाईप आणि फिल्टर नीट करावा, मग बघावं.

हवा कोरडी आहे का हे बघायला कुठलं मीटर नको. मशिनला एअर टेस्ट किंवा पर्जचं बटण असतं, ते दाबून टॉर्चच्या तोंडासमोर पांढरा कोरा कागद नाहीतर आरसा अर्धा मिनिट धर. डाग पडला, आरशावर धुकं आलं, तर नवं नोझल घालू नकोस, पैसे जाळायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आर्क चालू करून नाही बरं का, नुसती हवा. हे सांगायला लागतं, हसू नको, असे लोक आहेत.

प्रेशर बघायचं ते हवा चालू असताना. बंद असताना गेज ६ दाखवतं आणि ट्रिगर दाबला की ३ वर येतं, कारण नळी बारीक असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो, आणि माणूस म्हणतो माझं प्रेशर बरोबर आहे. ६० अँपच्या बऱ्याच मशिनना हवा वाहत असताना ४.५ ते ५ बार लागतं, तुझ्या मशिनच्या पुस्तकात असेल तेच खरं धर. कमी प्रेशरला आर्क आवळली जात नाही आणि नोझलला टेकते. जास्त प्रेशरला स्टार्ट नीट होत नाही आणि हाफनियम उडून जातं. 'जास्त हवा म्हणजे जास्त गार' हा हिशोब इथं चालत नाही.

स्वर्ल रिंगचं एक उदाहरण सांगतो. २०१९ च्या पुरात सांगलीवाडीकडं एका ओळखीच्या माणसाची शेड पाण्यात गेली, कॉम्प्रेसर चार-पाच दिवस बुडालेला. मोटर वाइंड केली, ऑइल बदललं, चालू झालं. पण टाकी आतनं धुतलीच नाही. पुढं महिनाभर त्याचे इलेक्ट्रोड एका बाजूनं खाल्ले जात होते आणि कट तिरका येत होता. त्यानं टॉर्च बदलायची तयारी केली होती, मी गेलो, रिंग काढली, उजेडात धरली, तर निम्म्या भोकांत गंजाची भुकटी बसलेली. रिंग बदलली, टाकी साफ केली, विषय संपला. रिंग लवकर मरत नाही, पण प्रत्येक वेळी नोझल बदलताना ती उजेडात धरून सगळी भोकं मोकळी आहेत का, तडा आहे का, एवढं बघ. भोकात तार घालू नको, हवेनं फुंक, नाही निघालं तर नवी घे.

तारेवरनं आठवलं. गॅस कटरवरनं प्लाझ्मावर आलेले जुने मिस्त्री असतात, त्यांच्या खिशात टिप क्लीनरच्या सुया असतात. नोझलच्या भोकात ती सुई घालून फिरवतात, साफ झालं म्हणतात. गॅसच्या टिपला चालतं ते. प्लाझ्माचं भोक म्हणजे मापाचं काम, सुई फिरवली की गोलाई गेली, गोलाई गेली की कट एका बाजूनं तिरका आणि खाली बर, म्हणजे कटाच्या खाली गोठून चिकटलेला लोखंडाचा रस. नोझल साफ करायचं म्हणजे बाहेर चिकटलेला रस गार झाल्यावर अलगद काढायचा, बस. भोक गोल राहिलं नाही तर नोझल बदलायचं, दुरुस्ती नाही.

आता तुझ्या हाताचा भाग, म्हणजे बाहेरनं फुटणारी नोझलं. पार्टचं आयुष्य दिवसांत किंवा तासांत मोजू नको, स्टार्ट, म्हणजे आर्क किती वेळा पेटवली ते, मोजून बघ. प्रत्येक स्टार्टला आणि प्रत्येक बंद करताना हाफनियमचा थोडा रस उडतो, सलग चालताना त्यामानानं कमी झिजतं. दोन मीटरचा एक सरळ कट आणि वीस छोटे बोल्टचे होल, दोन्हीला आर्कचा वेळ सारखा लागला तरी वीस होलांनी इलेक्ट्रोड जास्त खाल्ला. म्हणून ट्रॉलीच्या साइड प्लेटला जिथं ड्रिल चालतं तिथं ड्रिलच कर, प्लाझ्मानं होल मारायची हौस नको. जाळी नाहीतर एक्सपांडेड पत्रा कापताना तर प्रत्येक मोकळ्या जागेला आर्क तुटते आणि पुन्हा पेटते, त्या कामाला मी मुद्दाम अर्धे झिजलेले पार्ट वापरतो, नवीन घालत नाही.

पिअर्सिंगचं, म्हणजे प्लेट मधनंच फोडून कट सुरू करायचं, बोलायचं तर मशिन जेवढी जाडी कडेनं कापतं त्याच्या निम्म्याच जाडीला सरळ भोक पाडायला जावं, असा ढोबळ नियम. तुझी १० एमएम प्लेट मधनं फोडायला गेलास तर रस खाली जायला जागाच नसते, तो उलटा वर येतो आणि नोझलच्या तोंडावर बसतो. शक्य तिथं कडेनं सुरू कर. मधनंच पाहिजे असेल तर आधी ड्रिलनं एक होल मार आणि तिथनं निघ. तेही जमत नसेल तर टॉर्च तिरकी धरून सुरू कर, रस बाजूला उडू दे, आरपार गेल्यावर सरळ कर. आणि टॉर्चचं तोंड स्वतःकडं नाही, दुसऱ्या माणसाकडं तर मुळीच नाही. सीएनसी टेबलवाल्यांनी पिअर्स हाइट, म्हणजे फोडताना टॉर्चची प्लेटपासूनची उंची, कटिंग हाइटच्या दीडपट ते अडीचपट ठेवायची, मशिनच्या चार्टमध्ये दिलेलं असतं, लोक तो चार्ट पाकिटासकट फेकून देतात.

पी-८० मध्ये नोझल उघडं असतं. भारी टॉर्चला पुढं शील्ड असतं, ते टेकवून ओढता येतं, तुझं टेकवायचं नाही. नोझल प्लेटला टेकलं की करंटला जवळचा रस्ता मिळतो, इलेक्ट्रोडमधनं नोझलमध्ये आणि नोझलमधनं प्लेटमध्ये, यालाच डबल आर्क म्हणतात, आणि एका डबल आर्कमध्ये भोकाला चावीच्या भोकासारखा आकार येतो. टॉर्चबरोबर तारेचं नाहीतर चाकाचं स्टँड-ऑफ येतं, पोरं पहिल्या दिवशी ते काढून खिळ्याला अडकवतात. लाव ते परत. दोनेक एमएमचं अंतर सारखं राहिलं की हात थकत नाही आणि कटही सरळ येतो.

अर्थचा क्लॅम्प कुठं लावतोस? गंजलेल्या स्टँडला नाहीतर रंग मारलेल्या अँगलला लावत असशील तर आर्क प्लेटवर उतरायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत पायलट आर्क, म्हणजे प्लेटवर उतरायच्या आधीची टॉर्चमधली छोटी आर्क, नोझलच्याच अंगावर जळत असते. क्लॅम्प प्लेटला, ग्राइंडरनं घासून उघड्या लोखंडाला, आणि कापून खाली पडणाऱ्या तुकड्याला नाही. तशीच ती हवेत ट्रिगर दाबून 'चालतंय का बघू' करायची सवय, ती पोरांच्या डोक्यातनं काढ. हवेत दाबलेली प्रत्येक पायलट नोझल खाते, काम शून्य.

कट संपताना प्लेटच्या बाहेर आर्क ओढत नेऊ नको, कड आली की ट्रिगर सोड. आर्क ताणून तुटली की हाफनियमचा गरम रस झटक्यात बाहेर येतो. आणि ट्रिगर सोडल्यावर दहा-पंधरा सेकंद हवा चालू राहते ती वाया जात नाही, ती इलेक्ट्रोड गार करते. काही महाभाग आवाज नको म्हणून लगेच मेन स्विच बंद करतात. लाईट गेली तर आपल्या हातात नाही, पण स्विच तर हातात आहे.

पार्ट बदलताना मेन स्विच बंद, आधी. पॅनेलचं बटण नाही, मेन. टॉर्चला २००-३०० व्होल्टच्या घरात डीसी असतं आणि ट्रिगर मांडीखाली दाबला जायला वेळ लागत नाही. गार होऊ दे, मग सिरॅमिकची टोपी फिरव. तिला तडा असेल तर हवा बाजूनं जाते, फेकून दे, एम-सीलनं चिकटवलेली बघितलीय मी, हात जोडले त्या माणसाला. मग नोझल, मग रिंग, मग चावीनं इलेक्ट्रोड. नवा इलेक्ट्रोड बसवताना बूड कोरड्या फडक्यानं पूस, चावीनं बसेपर्यंत आवळ, त्याच्यापुढं ताकद लावू नको, पितळी आटे सोलले की हेड गेलं. सैल सोडलास तरी वाईट, करंट नीट जात नाही आणि बूड जळतं. ओ-रिंग असेल तिथं सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, रिंग नुसती चमकली पाहिजे. साधं बेअरिंगचं ग्रीस थापू नको, ते आत जळतं आणि भोकं बुजवतं.

इलेक्ट्रोड आणि नोझल एकदम बदलायचं का वेगवेगळं? चांगल्या कामाला, दोन्ही एकदम. झिजलेल्या इलेक्ट्रोडची आर्क हलते आणि नवं नोझल खराब करते, पैसे वाचत नाहीत. काढलेल्या जोडीत १ एमएमच्या आतला खड्डा असेल तर ती जोडी तशीच पुडीत बांधून ठेव, भंगार तोडायला, जाळी कापायला. जोडी मोडू नको.

राहता राहिला दुकानदार. ओरिजिनल आणि लोकलमध्ये फरक आहेच, मी नाही म्हणत नाही. लोकलमध्ये कधी हाफनियमऐवजी झिर्कोनियम असतं, ते १८५० डिग्रीला वितळतं आणि लवकर झिजतं, बाहेरनं बघून दोन्ही सारखेच दिसतात. पण भोक मात्र बघता येतं. नवं नोझल मागनं उजेडाकडं धर, भोक टोपीच्या मध्यभागी आहे का, कडेला तांब्याची कणी उरलीय का. दहातली दोन-तीन वाकडी निघाली तर ते पाकीट परत कर. आणि भोकाचा साईज बघ, १.१, १.३, १.५ असं येतं, तुझ्या अँपला जो लागतो तोच. बारीक भोकात जास्त अँप घातलेस तर ओरिजिनलही दहा मिनिटांत जाईल. मी स्वतः अँपचा नॉब नोझलच्या रेटिंगच्या ९५ टक्क्यांवर ठेवतो, फुल्ल नाही. माझं मत विचारशील तर हवा सुधारल्याशिवाय ओरिजिनल घेऊ नको, महागाचा पार्ट त्याच पाण्यात मरेल आणि तू म्हणशील ओरिजिनललाही काय अर्थ नाही. हवा सुधारल्यावर पाच लोकल आणि पाच ओरिजिनल आण, स्टार्ट मोज, वहीत लिही, मग कुठला परवडतो ते तुझी वही सांगेल.

आणि एक, बर बघून घाबरून लगेच पार्ट बदलू नको. खाली जाड, फेसाळ, हातोडीनं टचकन निघणारी बर म्हणजे हात हळू चाललाय. बारीक, घट्ट, ग्राइंडरशिवाय न निघणारी म्हणजे हात जोरात. कट एका बाजूनं थोडा तिरका असतोच, हवा घड्याळाच्या काट्यासारखी फिरत असते त्यामुळं जायच्या दिशेनं उजवी बाजू सरळ येते. म्हणजे चांगला तुकडा उजवीकडं पडेल असं चाल. चारही बाजूंनी तिरकं आलं तर उंची बघ, एकाच बाजूला अचानक वाढलं तर नोझल काढून भोक बघ.

आता असं कर, उद्या सकाळी टाकीखाली बाटली धर आणि किती पाणी निघालं ते कळव. आणि बरणीत जे चार-पाच जुने इलेक्ट्रोड असतील, नसतील तर भंगारच्या डब्यातनं शोध, त्यांचे समोरनं आणि नोझलचे आतनं-बाहेरनं असे उजेडात जवळनं काढलेले फोटो पाठव, टॉर्चचा फोटो नको, तो मला माहितीय कसा दिसतो.